ओढतंय कोण?

पडद्यावर बाजार भरला होता. नायिका भेंडी निवडत होती. कुणाच्याच ओठात बिडी नव्हती, तरी खाली ओळ झळकली: 'धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे.'

"आरं, ओढतंय कोण?" कुणीतरी ओरडलं.

दाराजवळ बसलेली हौसाक्का पदराआड हसली. गाव धूम्रपानमुक्त करायचं म्हणून नगराध्यक्षांनी तिची पानटपरी जेसीबीनं उखडली होती. वर, "तुझ्यापायी गावाची फुप्फुसं सडली," असं भर चौकात सुनावलं होतं. तेव्हापासून आक्का डूख धरून होती. पुढं गावात या विनोदी सिनेमाचं शूटिंग आलं. कॅमेरा कुठं लावावा, असं दिग्दर्शकानं विचारताच ती म्हणाली, "लॉजच्या गच्चीवर लावा. तिथनं पाण्याच्या टाकीसकट बाजार झ्याक दिसतो. पण अकराच्या ठोक्याला या हं!"

"टाकीमागं बघा! अध्यक्ष!" एक बाई किंचाळली.

खरंच की! टाकीच्या आडोशाला नगराध्यक्ष डोळे मिटून मनसोक्त धूर सोडत होते. अख्खं थेटर शिट्ट्यांनी दणाणलं.

पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे घाम पुसत दाराकडं निघाले. आक्का आडवी आली. कनवटीची माचिस काढून तिनं अदबीनं पुढं धरली.

"काडी देऊ का, अध्यक्षसाहेब?"