मुठीच्या आतली बाजू

चंद्राबाईनं फडकं सोडलं आणि नेमबाजीचं पिस्तूल ओटीवर हिरामणच्या पुढ्यात ठेवलं. त्याच्यावर हळदकुंकवाचा हा एवढा थर.

"हे काय वैनी?"

"तुमच्या मित्राची नजर अधू झाली, तवापासून मीच बघते त्याचं. दर खंडेनवमीला खोबरेल चोळते, हळदकुंकू वाहते. हत्यार म्हंजे देवच की."

हिरामणनं कपाळाला हात लावला. खोबरेल सुकून त्याचा डिंक झालेला. चाप दाबावा तर हलेना.

खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंच वाटलं. म्हसळ्यात आपल्यासारखा नेमबाज नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. मुंबईच्या स्पर्धेतून मात्र दर साली हात हलवत परतायचा आणि एसटीतून उतरतानाच म्हणायचा, मागून आणलेलं पिस्तूल, मी तरी काय करू? यंदा स्वतःचं घे म्हणून गावानं पिच्छाच पुरवला. मग त्यानं अलिबागेहून परवाना काढला. इकडं आगरदांड्याला चंद्राबाईचा नवरा कोंडाजी वारला, त्याचं पिस्तूल सरकारात जमा करायचं नाहीतर परवानावाल्याला विकायचं. म्हणून हिरामण आला, आणि बघतो तर हे असं.

"म्हंजे यंदापन अंगण वाकडंच म्हना," चंद्राबाई पदराआड हसली.

"उघडून तर बघू," हिरामण म्हणाला.

फौजेत शस्त्रागारात राबलेला गडी तो. लढाईच्या घाईत घडवलेली पिस्तुलं त्यानं रगड पाहिली होती. वरून आरसा, आणि मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या की आत कानशीचे ओरखडे. खोट असली तर तिथंच सापडते, कारण तिथं बघायला जातो कोण?

त्यानं रॉकेल मागून घेतलं. स्क्रू काढले, फळ्या उचलल्या, चिंधीनं पुसू लागला. पुसता पुसता त्याचा हात थांबला.

आत ओरखडा म्हणून नव्हता. जिथं कुणाची नजर पडायची नव्हती, तिथलं पोलादही बाहेरच्यासारखंच घोटलेलं. बारक्यातल्या बारक्या भागावर तोच एक नंबर कोरलेला, म्हणजे सगळे भाग एकमेकांसाठीच घडवलेले. ते परत बसवले तर जोडात केस शिरायला जागा नाही. रिकाम्या पिस्तुलाचा चाप त्यानं हळूच ओढला. पिकलं जांभूळ देठावरून सुटावं तसा घोडा सुटला.

आई गं. कुणी केलं असेल हे? कुठल्या मुलखात, कुणासाठी? त्यानं नकळत पिस्तूल कपाळाला लावलं.

"काय झालं भावजी? सापडली का खोट?"

तो उठला, हात लांब केला आणि पलीकडच्या वाडीतल्या सुपारीच्या खोडावर नेम धरला. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, काळी, रेखीव, लख्ख दिसत होती. इतकी लख्ख, की ती खोडाच्या अल्याड-पल्याड हेलकावे खातेय हेही त्याला दिसलं. त्यानं श्वास रोखला. मनगट आवळलं. हेलकावा थांबेना.

त्यानं हात खाली घेतला आणि पिस्तूल परत ओटीवर ठेवलं.

"मग? नको का?"

"घेतो वैनी," हिरामण हळूच म्हणाला. "पन एवढं चांगलं हाय, हे आमच्या गावात कुनाला सांगू नका."