प्रतिकृतीतले तळे

सूड निंद्य खरा. परंतु बळकावलेले बळकावणाऱ्याच्याच हातून परत मिळवणे निंद्य कसे?

दुबईच्या मालमत्ता-प्रदर्शनात बिल्डरशेठांनी मायदेशातल्या आपल्या भावी नगराच्या प्रतिकृतीवरचे वस्त्र दूर केले, आणि ते चपापले. तीन मनोऱ्यांच्या जागी निळे तळे होते.

“शेवंता, हे तळं मी केव्हाच बुजवलंय!” ते प्रतिकृती घडवणारीवर खेकसले.

त्याच तळ्यात जाळे टाकणाऱ्या भोयाची ती लेक. “गिऱ्हाइकांना विचारा की, शेठ.”

गिऱ्हाइके तळ्यापाशीच खिळली होती. “हे खरोखर होणार?”

“होणारच!” शेठांचा लोभ बोलून गेला. सायंकाळपर्यंत प्रत्येक करारात तळे लिहिले गेले.

“आता खणा,” शेवंता म्हणाली. “बाप माझा त्याच तळ्यासाठी झुरून मेला.”

तळ्यास जल लाभो, आणि खणणाऱ्या हातांस क्षमा.