पोदेराचा भोंपू

मोबाइलचा गजर बंद करायचा आणि गोळी विसरायची, हे रुद्रेशचं नेहमीचंच. एडीएचडीचं निदान झालं तेव्हा आईनेच तोडगा काढला, "सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला, की आधी गोळी, मग पाव." घडी छान बसली. डिचोलीच्या ऑफिसात बोलणी खाणंही थांबलं.

आई गेली आणि महिन्याभरात सगळं पुन्हा विस्कटलं. साहेबाने शेवटची ताकीद दिली, त्या संध्याकाळी तो शेजारच्या विमलाकाकूंकडे चरफडला, "आई गेल्यापासून तो पोदेर आपल्या वाड्यावर फिरकतच नाही!"

काकूंनी त्याला जवळ बसवलं.



"अरे पुता, पोदेर गेल्या चवथीपासूनच येणा नाय. दुकानातले पाव आणून, परसात उभी रवान भोंपू तुझी आवय वाजवी."