हिरवा पडलेला फिरोजा

“अंगठी काढ आन् दे त्यांना,” गीताबाई धाकट्या सुनेला म्हणाल्या.

मंजुषानं हात काउंटरच्या काचेवर ठेवला. अंगठी मात्र बोटातच राहू दिली.

“काढायची नाय, आई. काढली तर उद्या म्हणाल, दुकानात बदलली. बोटातच बघू द्या.”

“बघा, जीभ बघा हिची!” थोरली जाऊ सुलेखा काउंटरपलीकडच्या हमीदचाचांना म्हणाली. जणू चाचा घरचेच पंच.

सोन्याची पारख करणारे गावात, बिडकीनलाही होते. खड्यांची पारख हवी तर सिटी चौकातल्या हमीदचाचांकडे यावं लागे. म्हणून सासू आणि दोघी सुना सकाळच्या एस्टीनं शहरात आल्या होत्या. एरवी सासूचं आणि थोरलीचं कशातच पटत नसे. पण धाकटीला नावं ठेवायची म्हटलं की दोघींचं एकमत व्हायला क्षण लागत नसे.

“आजेसासूच्या कानातल्यांमधले दोन फिरोजे,” सुलेखानं चाचांना सांगायला सुरुवात केली. “दोन अंगठ्यांत बसवले. सूनमुखाला एक मला घातली, एक हिला. दोन्ही खडे निळेशार. माझा बघा, अजून तस्साच हाय. आन् हिचा बघा, शेवाळ धरल्यावानी हिरवा! असली खडा इकला आन् खोटा बसवला, दुसरं काय?”

हेच ती हळदीकुंकवाला साऱ्या भावकीदेखत बोलली होती. त्या दिवसापासून कोठीच्या किल्ल्या मंजुषाच्या हातून गेल्या. तेही एक वेळ तिनं सोसलं असतं. पण अतुलनं, तिच्या नवऱ्यानं, हळूच विचारलं होतं, “इकला असशील तर सांग, मी बघतो काय करायचं ते.” ते ‘असशील तर’ तिच्या काळजात अजून सलत होतं.

खडा आपण विकलेला नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तो हिरवा का पडला, हे मात्र ठाऊक नव्हतं. गेल्या साली अंगठी सैल झाली म्हणून पाचोडच्या एका सोनाराकडे ठेवली होती. त्यानंच हात मारला असेल तर? पण हात तिनं काचेवरून हलवला नाही.

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, तिचं बोट इकडून तिकडून पाहिलं.

“रंग बदलला, बराबर. पण नुसतं बघून मी कुणाला चोर नाही म्हणणार. सुई लावावी लागंल.”

“म्हंजी?” गीताबाईंनी विचारलं.

“आजकाल हलका फिरोजा आणतात, आत रसायन भरून पक्का करतात. त्याला तापलेली सुई लावली की प्लास्टिक जळाल्यासारखा वास सुटतो. असली खड्याला वास येत नाही. मगर बारीक डाग राहतो.”

“लावा,” गीताबाई म्हणाल्या.

“अंगठी काढ बेटी. चटका बसंल.”

“बसू द्या, चाचा.”

चाचांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दिवा पेटवला. सुईचं टोक लाल झालं. मंजुषानं दुसऱ्या हातानं आपलं मनगट दाबून धरलं. सुई खड्याच्या कडेला टेकली. आच बोटापर्यंत आली, तिनं ओठ चावला.

गीताबाईंचं नाक जवळजवळ काचेला लागलं होतं. सुलेखाही वाकली. चाचांनी स्वतः दोनदा हुंगलं. दुकानात अत्तराचा वास होता, तेवढाच.

“असली है,” चाचा म्हणाले. “पुराना माल. हात लावलेला नाही.”

मंजुषानं इतके दिवस कोंडलेला श्वास सोडला. तिला रडू येत होतं, पण या दोघींपुढं रडायचं नाही असं तिनं ठरवलं.

“मग हिरवा कसा पडला?” सुलेखा फणकारली.

“असली फिरोजा कच्चा असतो, बाई. तेल, साबण, घाम, सगळं पितो. कामाच्या हातात हिरवा पडतोच. रसायन भरलेला असला तर तो वर्षानुवर्षं तसाच निळा राहतो.”

मंजुषानं हळूच मान वळवून जावेच्या हाताकडे पाहिलं.

“भाकरी आम्ही दोघी थापतो, चाचा,” ती म्हणाली. “भांडीपण दोघी घासतो.”

चाचांनी भिंग पुसलं. “मग त्यांची पण बघू. द्या.”

सुलेखाचा हात पदराखाली गेला. “माझी कशाला? माझ्यावर कुणी आळ घेतलाय व्हय? आई, सांगा की!”

गीताबाई थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग लगबगीनं पिशवी उचलून उठल्या.

“झालं ना मनासारखं? खरी निघाली तुझी, संपलं. घरची गोष्ट घरात राहू दे. चल ऊठ मंजुषा, गाडी चुकंल.”

दुकान एवढं चिंचोळं, की मंजुषाचं स्टूल दारातच होतं. ती उठल्याशिवाय कुणाला बाहेर पडायला वाट नव्हती. तिनं भाजलेलं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि स्टुलावर ठाण मांडून बसली.

“चाचा, सुई निवली असंल,” ती म्हणाली. “परत तापवा.”