सरळ रेषा

माणूस इतका वक्तशीर नसतो. संगणकाच्या पडद्याकडे बघताना तिच्या मनात एवढंच आलं.

नेटवर्क सांभाळणं हा तिचा पेशा होता, आणि फावल्या वेळचा नादही तोच. तासाभराच्या अंतरावर एकट्या राहणाऱ्या आईच्या घरातला दिवा, पंखा, रेडिओ तिने स्वतः इंटरनेटला जोडले होते. बाहेरच्या कुणाला त्यातलं अवाक्षर कळू नये म्हणून बंदोबस्तही चोख ठेवला होता. सकाळी आईच्या स्वयंपाकघरात दिवा लागला की इकडे फोनवर हिरवा ठिपका उमटे. आई उठली. मग ती निर्धास्तपणे कामाला लागे.

आज जेवणाच्या सुट्टीत तिने सहज म्हणून महिन्याभराच्या नोंदींचा आलेख काढला होता. आधीची रेष वेडीवाकडी होती. दिवा कधी सहा बत्तीसला, कधी सहा एक्कावन्नला. नऊ दिवसांपूर्वी ती ताठ सरळ झाली होती. रोज सहा चाळीस, सेकंदाचाही फरक नाही. रेडिओ दुपारी तीनला, तोही ठोक्याला. दिवा आई नाही, घड्याळ लावत होतं. नोंदींनुसार आईचा फोनही नऊ दिवसांत घराबाहेर पडला नव्हता.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. अकरा वेळा लावला. शेजाऱ्यांचा नंबर शोधायला गेली, तेव्हा लक्षात आलं की तो तिच्याकडे कधीच नव्हता.

गाडी कशी चालवली, हे तिला नंतर आठवेना. दार स्वतःच्या किल्लीने उघडून ती उंबऱ्यात थांबली आणि आधी श्वास घेतला. वास नव्हता. आपण कशाचा वास घेत होतो, हे उमगून तिला स्वतःचीच किळस आली. अंथरुणावरची चादर चापूनचोपून घातलेली. कोपऱ्यात फोन चार्जरला लावलेला. बाथरूमचं दार बंद होतं.

तिने दारावर हात ठेवला. उघडायचा धीर होईना. तिने हळूच हाक मारली. मागून एक पुरुषी आवाज बोलू लागला.

ती गर्रकन वळली. तीन वाजले होते. रिकाम्या घराला रेडिओ बातम्या सांगत होता. मग तिने दार ढकललं. फरशी कोरडी होती. बादली कोरडी होती. आत कुणी नव्हतं.

"खाली तुझी गाडी दिसली," दारातून आवाज आला.

आई उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. तिने धावत जाऊन आईला मिठी मारली, रडली, आणि जीव भांड्यात पडल्यावर मग चिडली. आईने हळूहळू सांगितलं. अंधारात बटण चाचपडावं लागतं म्हणून वायरमनकडून तिने दिव्याला, न् त्याबरोबर रेडिओलाही, वेळ लावून घेतली होती. दुसऱ्याच दिवशी पहाटे ती बाथरूममध्ये घसरली. उठता येईना. दिवा लागलेला फटीतून दिसला, दुपारी रेडिओही ऐकू आला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मैत्रीण डोकावली, तेव्हा सुटका झाली. तेव्हापासून ती त्या मैत्रिणीकडेच होती. फोन इथेच राहिला होता.

"नऊ दिवस, आई. मला एका शब्दाने कळवायचं नाहीस?"

आईच्या नजरेत राग नव्हता. डाव्या हाताने तिने रेडिओ बंद केला.

"कळवायचं काय त्यात?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुला दिसतंय."