एका हाताने उघडणारा चाकू

दुकानात हरेश्वर तांडेल प्रत्येक घडीचा चाकू फक्त डाव्या हाताने उघडून पाहत होता.

"दोन्ही हात लावा की," दुकानदार म्हणाला. "जाड दोरखंडही कापेल हा."

"बोटीवर माझा एक हात मोकळा नसतो."

गेल्या हंगामात जाळ्याचा दोर पायाला गुरफटून त्याचा धाकटा भाऊ बोटीबाहेर ओढला गेला होता. हरेश्वरने उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं. डाव्या हातातला चाकू काही केल्या उघडेना. "दादा, सोडू नको," भाऊ म्हणत होता. जाळ्याच्या ओढीने मनगट निसटलं.

शेवटी अंगठ्याच्या रेट्यासरशी उघडणारा एक चाकू त्याने घेतला.

आता जाळं समुद्रात उतरताना तो चाकू उघडून कठड्याशी उभा राहतो. खालून "दादा" अशी हाक येते, आणि तो वाकून उजवा हात पाण्यात सोडतो.