नेहमीचा नंबर

एकोणीस वर्षं शिंप्याने दर शनिवारी एकाच नंबरचं लॉटरीचं तिकीट घेतलं. घरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी तो नंबर पाठ झाला, लागला मात्र कधीच नाही. शेवटी बायको म्हणाली, "यापुढे तिकीट आणलंत तर माझी शपथ आहे तुम्हाला." त्याने निमूटपणे सोडलं.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. सोडतीच्या वेळी तो शिलाई मशीन थांबवून नुसता बसून राहायचा. इतकी वर्षं नंबर लागू दे म्हणून देवाला विनवलं, आता लागू नको देऊ म्हणून हात जोडायचा. हातात तिकीट नसताना नेमका तोच निघाला, तर जन्मभर ते कसं सोसायचं?

बाराव्या शनिवारी त्याने शपथ मोडली. लॉटरीच्या स्टॉलवर जाऊन मान खाली घालून म्हणाला, "आपला नेहमीचा द्या."


"तो गेला हो, काका," तिकीटवाला म्हणाला. "तुम्ही बंद केल्यापासून दर शनिवारी काकूच नेतात. म्हणतात, त्यांना कळू देऊ नका, बिचारे कसेबसे सुटलेत."